पाळणा नेमका कशाने लांबला? कुटुंब नियोजन कार्यक्रमाचा परिणाम मोजायची रीत

२००७ साली सातारा जिल्हा परिषदेने नव्याने लग्न झालेल्या जोडप्यांसाठी एक योजना काढली. पहिलं मूल दोन वर्षं लांबवलं तर पाच हजार रुपये, तीन वर्षं लांबवलं तर साडेसात हजार. पेपरांतून ती 'हनिमून पॅकेज' म्हणून गाजली. आता समजा, अशा एखाद्या योजनेची तीन वर्षांची फाइल तुमच्या टेबलावर आली. इतक्या जोडप्यांनी नाव नोंदवलं, इतक्यांना पैसे मिळाले. योजना लागू पडली का?

फाइलवरून सांगता येणार नाही. नाव नोंदवायला आधी कोण येईल? सून बी.एड. करतेय, मुलगा पुण्यात भाड्याच्या खोलीत राहतोय, वर्ष-दोन वर्षं थांबायचं हे दोघांचं आधीच ठरलंय, अशी जोडपी. ती पैशाविनाही थांबलीच असती. लग्नाला सहा महिने झाले की शेजारणी "काय, काही गोड बातमी?" म्हणून विचारायला लागतात, तिथलं जोडपं नोंदणीच्या टेबलापर्यंत पोचलेलंही नसेल. म्हणजे पैसे मिळालेल्यांची यादी वेगळी आणि योजनेचा परिणाम वेगळा. परिणाम म्हणजे योजना असताना जे झालं आणि योजना नसती तर जे झालं असतं, यांतला फरक. पहिली बाजू मोजता येते. दुसरी कुणालाच कधी दिसत नाही, ती अदमासाने उभी करावी लागते. या लेखातली बहुतेक खटपट त्या न दिसणाऱ्या बाजूसाठी आहे.

स्वयंसेवी संस्थेत काम करणारे, तालुका आरोग्य अधिकारी, समाजकार्य किंवा सार्वजनिक आरोग्य शिकणारे विद्यार्थी यांना डोळ्यांपुढे ठेवून हे लिहिलंय. संख्याशास्त्र दहावीच्या गणिताइतकं आलं तरी पुरेल.

पहिली पायरी: प्रश्न एका वाक्यात लिहा

"कार्यक्रमाचा काय प्रभाव पडला?" हा प्रश्नच नव्हे. कोणावर, कुठे, कशावर, किती काळात आणि कुणाच्या तुलनेत, हे पाचही त्यात आले पाहिजेत. उदाहरणार्थ: "अमुक तालुक्यात आशाताईंनी नवविवाहितांच्या घरी दरमहा भेट दिल्यामुळे, भेट न दिलेल्या गावांच्या तुलनेत, लग्न ते पहिलं बाळंतपण हे अंतर तीन वर्षांत वाढलं का?" असं वाक्य जमलं नाही तर पुढे जाऊ नका. प्रश्न मोघम असला की अहवालात काहीही यश म्हणून दाखवता येतं, आणि दाखवलं जातं.

प्रश्न निवडताना आपण कुठे उभे आहोत ते पाहा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या १९९२-९३ च्या पहिल्या फेरीत महाराष्ट्राचा एकूण जननदर, म्हणजे एका बाईला आयुष्यात सरासरी किती मुलं होतील तो आकडा, २.८६ होता. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत तो १.७ वर आला. लोकसंख्या पिढ्यान्‌पिढ्या जेमतेम तेवढीच राहायला २.१ लागतो. तेव्हा "जन्म किती कमी झाले?" हा प्रश्न महाराष्ट्रात बराचसा शिळा झालाय. त्याच पाचव्या फेरीत राज्यातल्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे ६४ टक्के आधुनिक साधन वापरत होत्या, पण त्या ६४ मधले सुमारे ४९ एकट्या स्त्री-शस्त्रक्रियेचे. पुरुष नसबंदी एक टक्कासुद्धा नाही. २० ते २४ वयोगटातल्या जवळपास २२ टक्के मुलींचं लग्न अठरा पूर्ण होण्याआधी झालेलं. आपले खरे प्रश्न इथे आहेत: पहिलं मूल कधी, दोन मुलांत अंतर किती, ऑपरेशनशिवाय काही निवडायला मिळालं का, आणि नवरा कुठे होता. ३ च्या आसपास जननदर असलेल्या बिहारमध्ये प्रश्न वेगळा असेल, आणि तो तसा असायलाही हवा.

दुसरी पायरी: साखळी कागदावर काढा

पैसा आणि माणसं, त्यातून प्रशिक्षण आणि साठा, त्यातून भेटी आणि समुपदेशन, त्यातून साधनाचा वापर, त्यातून गर्भधारणेची वेळ, त्यातून जन्म, गर्भपात, आईचं आणि बाळाचं आरोग्य. प्रत्येक कडीपाशी लिहा: ही पुढच्या कडीला कशी ओढते, आणि कुठे तुटू शकते? 'अंतरा' हे दर तीन महिन्यांनी घ्यायचं गर्भनिरोधक इंजेक्शन उपकेंद्रात आहे, पण तीन महिन्यांनी दुसऱ्या डोसच्या वेळी साठा संपलाय. तांबी बसवली, पण पाळीत जास्त रक्त जातं म्हणून दोन महिन्यांत काढली आणि तक्रार ऐकायला कुणी नव्हतं. शेवटी परिणाम दिसला नाही तर कल्पनाच चुकली होती की अंमल झालाच नाही, हे या चित्राशिवाय कळत नाही. अर्ध्या दिवसाचं काम आहे. बहुतेक जण टाळतात.

तिसरी पायरी: रजिस्टरातल्या आकड्यांना किती मान द्यायचा ते ठरवा

सगळ्यात स्वस्त माहिती म्हणजे सेवांची: इतकी ऑपरेशनं, इतक्या तांब्या, माला-एन गोळ्यांची इतकी पाकिटं, इतके निरोध. वेगवेगळी साधनं एका मापात आणायला 'जोडपे-संरक्षण वर्षे' ही पद्धत वापरतात. एका जोडप्याला वर्षभर संरक्षण मिळायला साधारण १२० निरोध लागतात, गोळ्यांची १५ पाकिटं किंवा तिमाही इंजेक्शनचे ४ डोस. दहा वर्षं चालणारी तांबी बसवली की ४.६ वर्षं धरतात, कारण बऱ्याच जणी ती आधीच काढतात. शस्त्रक्रियेची सरासरी १० वर्षं, भारतीय उपखंडात ऑपरेशन लहान वयात होतं म्हणून १३. तालुक्यात वर्षभरात ३०० शस्त्रक्रिया, २०० तांब्या आणि ८०० इंजेक्शनं झाली असतील तर ३,९०० अधिक ९२० अधिक २००, म्हणजे ५,०२० जोडपे-संरक्षण वर्षे.

हे माप कामाचा पसारा दाखवतं, परिणाम दाखवत नाही. वाटलेलं वापरलं गेलं असं ते धरून चालतं. १९५० च्या दशकात पंजाबात लुधियाना जिल्ह्यातल्या गावांत खन्ना अभ्यास झाला. लोकांनी योनीत ठेवायच्या गर्भनिरोधक फेसगोळ्या स्वीकारल्या, कार्यकर्त्यांना नाराज कशाला करायचं म्हणून "वापरतो" असंही सांगितलं. पुढे महमूद ममदानी हे अभ्यासक तिथे गेले तेव्हा त्यांना कळलं की कित्येकांनी त्या नुसत्याच ठेवून दिल्या होत्या. शेतीला हात हवे होते, आणि पाहुण्याला नाही म्हणणं बरं दिसत नव्हतं. जन्मदर उतरला, पण तो तुलनेच्या गावांतही उतरला, आणि मुलींची लग्नं उशिरा होऊ लागणं हे त्याचं एक मोठं कारण होतं.

दुसरी खोट बदलीची. मेडिकलमधून गोळ्या घेणारी बाई उद्या आशाताईकडून फुकट घेऊ लागली तर कार्यक्रमाचा आकडा चढतो, गावातला वापर मात्र तिथल्या तिथेच. तिसरी खोट वयाची. पस्तिशीत, चार मुलांनंतर झालेलं ऑपरेशन आणि चोविशीत, दोन मुलांनंतर झालेलं ऑपरेशन या हिशोबात सारखंच.

आणि चौथी सगळ्यात जुनी. आकड्यालाच लक्ष्य केलं की आकडा खोटं बोलू लागतो. जुलै १९७१ मध्ये केरळात एर्नाकुलमच्या शिबिरात एका महिन्यात ६३ हजारांहून अधिक पुरुष नसबंद्या झाल्या. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, देशभरात ८२ लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. महाराष्ट्र विधिमंडळाने तर १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच मंजूर केलं होतं, राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते थांबलं. नुसते आकडे मोजणाऱ्याला ती वर्षं सुवर्णकाळ वाटतील. एप्रिल १९९६ पासून सरकारने वरून लादलेली लक्ष्यं अधिकृतपणे सोडली. 'अपेक्षित पातळी' या नावाने ती मागच्या दाराने परत आली, हे कुठल्याही नर्सबाईंना विचारा.

चौथी पायरी: मोजमापं मोजकीच निवडा

चार-पाच पुरेत. आधुनिक साधनांचा वापर घ्या, पण कायमची आणि तात्पुरती साधनं वेगळी मांडा. 'अपूर्ण गरज' घ्या, म्हणजे मूल नको किंवा आत्ता नको असूनही काही न वापरणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण. त्याहून बरं म्हणजे ज्यांना गरज आहे त्यांपैकी किती जणींची ती आधुनिक साधनाने भागते हे प्रमाण. शाश्वत विकास उद्दिष्टांत हेच माप घेतलंय, आणि त्याचा फायदा असा की मूल हवं असलेल्या बाईवर ते काहीच लादत नाही. साधन सुरू केल्यापासून १२ महिन्यांत किती जणींनी सोडलं आणि का, हे नक्की घ्या. तात्पुरत्या साधनांचा सगळा खेळ इथे असतो. अंतर पाहायचं असेल तर दोन बाळंतपणांतले महिने मोजा.

जन्मावर परिणाम पाहायचा असेल तर घड्याळ पुढे सरकवा. एप्रिलमध्ये सुरू झालेल्या कामाचा परिणाम जन्मांवर पुढच्या जानेवारीआधी दिसणं शक्यच नाही. वर्षभराचा कार्यक्रम आणि वर्षअखेर जन्मदराचं मूल्यमापन, असे प्रस्ताव मी पाहिलेत. त्यात मोजण्यासारखं काही नसतं.

गर्भपात विसरू नका. बांगलादेशात मतलब या ग्रामीण भागात एक गाजलेला कार्यक्रम झाला (त्याची गोष्ट पाचव्या पायरीत येते). तिथे कार्यक्रमाच्या गावांत गर्भपाताचं प्रमाण शेजारच्या गावांपेक्षा कमी राहिलं. नुसते जन्म मोजणाऱ्याच्या हातून हा फायदा निसटला असता.

पाचवी पायरी: तुलना उभी करा

मूल्यमापन तरतं किंवा बुडतं ते इथे, म्हणून जरा थांबून पाहू.

*चिठ्ठ्या टाकून.* सगळ्यात भक्कम रीत. कोणत्या गावांना कार्यक्रम आधी आणि कोणत्यांना नंतर, हे चिठ्ठीने ठरवायचं. "काही गावांना वंचित कसं ठेवायचं?" असा आक्षेप येतो. पण मनुष्यबळ एका वर्षात साठ गावांना पुरणार नसतंच, तीस गावं पुढच्या वर्षी येणारच असतात. मग ओळखीवर किंवा रस्त्याच्या सोयीवर ठरवण्यापेक्षा सगळ्या सरपंचांपुढे चिठ्ठ्या काढलेल्या काय वाईट? उलट भांडणं कमी होतात. चिठ्ठी गावाची काढा, बाईची नव्हे. एकाच आळीत एकीला भेट आणि दुसरीला नाही, असं चालत नाही. त्या पाणवठ्यावर बोलणारच.

हे बोलणं किती लांब जातं ते १९६३ मध्ये तैवानच्या ताइचुंग शहरात दिसलं. तिथे काही मोहल्ल्यांत नवरा-बायको दोघांना घरी जाऊन भेटले, काहींत फक्त बायकोला, काहींत पत्रं पाठवली, काहींत काहीच केलं नाही. पण ज्यांच्या दारी कुणी गेलंच नव्हतं अशा बायकाही तांबीसाठी आल्या, शहराबाहेरूनही आल्या. कार्यक्रमासाठी ही आनंदाची गोष्ट, पण मोजणाऱ्यासाठी डोकेदुखी: तुलनेचा गट कोरा राहिला नाही की फरक आहे त्यापेक्षा कमी दिसतो. म्हणून तुलनेची गावं वेगळ्या बाजारपेठेची घ्या आणि त्यांनाही विचारा, "हे कुठून कळलं?"

*चिठ्ठीविना, पण दोन्हीकडे आधी आणि नंतर.* बहुतेकांच्या हाती एवढंच असतं, आणि नीट केलं तर ते थोडं नव्हे. यातलं सर्वांत गाजलेलं उदाहरण पुन्हा मतलबच. कॉलऱ्याच्या संशोधनासाठी तिथे १९६६ पासून प्रत्येक जन्म-मृत्यूची नोंद होत होती. १९७५ मध्ये घरोघर गोळ्या वाटून पाहिल्या. वापर चढला आणि लगेच ओसरला. मग १९७७ मध्ये १४९ पैकी ७० गावांत रीत बदलली: गावातल्याच शिकलेल्या विवाहित स्त्रिया कार्यकर्त्या म्हणून नेमल्या, त्या दर पंधरवड्याला घरी जात, इंजेक्शनासह अनेक साधनं देत, आणि त्रास झाला तर पाठपुरावा करत. ७९ गावांत नेहमीची सरकारी सेवा चालू राहिली. वापर दीडेक वर्षात ७ टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर गेला.

गावं चिठ्ठीने निवडली नव्हती, सलग पट्टा घेतला होता. मग यावर विश्वास का ठेवायचा? कारण १९७४ च्या जनगणनेत दोन्ही पट्टे कार्यक्रमाआधी बरेचसे सारखे होते हे दाखवता आलं, दोन्हीकडची नोंद एकाच यंत्रणेने ठेवली, आणि फरक वर्षानुवर्षं टिकला. १९९६ पर्यंतची माहिती घेऊन अर्थतज्ज्ञांनी पुन्हा हिशोब केला तेव्हा कार्यक्रमाच्या गावांत मुलं सुमारे १५ टक्क्यांनी कमी निघाली. मतलब मात्र अतिशय निगुतीने, खर्च करून चालवलेलं काम होतं. "नीट केलं तर होऊ शकतं का?" याचं उत्तर त्यातून मिळतं. तुमच्या तालुक्यात, दोन जागा रिकाम्या असलेल्या उपकेंद्रात तसंच होईल, हे नाही.

या रीतीचं गणित सोपं आहे. समजा, कार्यक्रमाच्या गावांत तात्पुरत्या साधनांचा वापर १४ वरून २५ टक्के झाला आणि तुलनेच्या गावांत १३ वरून १९. कार्यक्रमाची वाढ ११, पण ६ तर कार्यक्रमाविनाही झाली. परिणाम ५ टक्के-गुणांचा. याला एक अट आहे: कार्यक्रम नसता तर दोन्हीकडची चाल सारखी राहिली असती. ती तपासायला कार्यक्रमाआधीची निदान दोन-तीन वर्षांची चाल पाहा. आधीपासूनच एक गट पुढे पळत असेल तर ही वजाबाकी फसवी.

*टप्प्याटप्प्याने सुरू झालेलं काम.* कोलंबियात प्रोफामिलिया या संस्थेने १९६५ पासून शहरामागून शहरात दवाखाने उघडले. कुठे आधी, कुठे नंतर, या फरकाचा वापर करून ग्रँट मिलर यांनी २०१० मध्ये दाखवलं की देशातल्या जननदराच्या घसरणीतला दहावा हिस्साही या कार्यक्रमाचा नव्हता. तरीही तरुण वयात मूल लांबवता आलेल्या मुली जास्त शिकल्या, नोकरीत गेल्या. जन्मावरचा परिणाम लहान आणि आयुष्यावरचा मोठा, असंही होतं.

*रेषेच्या दोन बाजू.* सरकारने २०१६ मध्ये 'मिशन परिवार विकास' सुरू केलं ते सात राज्यांतल्या, ३ किंवा अधिक जननदराच्या १४६ जिल्ह्यांत. महाराष्ट्रातला एकही जिल्हा त्यात नाही. अशा ठिकाणी रेषेच्या अगदी अलीकडचे आणि अगदी पलीकडचे जिल्हे यांची तुलना करता येते, कारण २.९ आणि ३.१ यांत कार्यक्रम सोडला तर फारसा फरक नसतो. मात्र सगळ्या १४६ जिल्ह्यांचं आधी-नंतर पाहू नका. आकडा सर्वांत वाईट म्हणून निवडलेली ठिकाणं पुढच्या मोजणीत आपोआपही थोडी सुधारलेली दिसतात.

*दोन कल्पना एकत्र.* घानात नाव्हरोंगो इथे १९९४ पासून चार भाग केले: एकात नर्स गावात राहायला पाठवली, दुसऱ्यात गावप्रमुख आणि पुरुषांना कामात ओढलं, तिसऱ्यात दोन्ही, चौथ्यात नेहमीचं. जननदर लक्षात येण्याइतका उतरला तो दोन्ही केलं तिथे. नुसती सेवा किंवा नुसतं प्रबोधन, या आपल्याकडच्या जुन्या वादावर हे चांगलं औषध आहे.

आणि नुसतं आधी-नंतर, तुलनेविना? करू नका. महाराष्ट्रात १९९० नंतर ज्याने जे केलं त्याच्यानंतर जन्मदर उतरलाच. मुली शाळेत राहिल्या, बालमृत्यू घटले, जमिनीचे तुकडे झाले, टीव्ही आला. त्या लाटेवर कुठलाही कार्यक्रम पोहताना छान दिसतो.

सहावी पायरी: किती गावं, किती स्त्रिया

वापर ४० वरून ४६ टक्के झाला तर तो फरक पकडता यावा अशी इच्छा असेल, तर नेहमीच्या सूत्राने प्रत्येक गटात सुमारे १,०६५ स्त्रिया लागतात. पण एका गावातल्या स्त्रिया एकमेकींसारख्या असतात: तोच दवाखाना, तीच नर्स, त्याच सासवा. म्हणून संख्या वाढवावी लागते. एका गावातून २० जणी घेतल्या आणि साधर्म्याचा गुणांक ०.०५ धरला तर १ + १९ × ०.०५ = १.९५ ने गुणा. सुमारे २,०७५ स्त्रिया, म्हणजे प्रत्येक बाजूला १०४ गावं. घाबरलात? घाबरायलाच हवं. चार गावं इकडे, चार गावं तिकडे घेऊन काढलेल्या निष्कर्षांची किंमत यावरून कळते. गावं वाढवा, एका गावातल्या स्त्रिया कमी करा. याने जेवढा फायदा होतो तेवढा कुठल्याच युक्तीने होत नाही. तेवढं बजेट नसेल तर परिणाम मोजण्याचा दावा सोडा आणि अंमलबजावणी नीट झाली का एवढंच पाहा. तेही उपयोगाचं काम आहे.

सातवी पायरी: शेतावर आणि ओसरीवर

सर्वेक्षणाचा महिना जपून निवडा. बीड, अहिल्यानगरच्या पट्ट्यात दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात त्या उन्हाळ्यापर्यंत परतत नाहीत. जानेवारीत गेलात तर ज्यांची गरज सर्वांत जास्त अपूर्ण आहे त्याच घरांना कुलूप. पहिली फेरी पावसाळ्यात आणि दुसरी हिवाळ्यात केलीत तर तुम्ही दोन वेगवेगळी गावं मोजलीत.

जन्म मोजताना बाई कुठली, ते धरा. बाळंतपण कुठे झालं, ते नको. पहिलं बाळंतपण माहेरी होतं. दवाखान्याच्या किंवा ग्रामपंचायतीच्या नोंदीवर विसंबलात तर सुनांचे जन्म दुसऱ्या तालुक्यात जातात आणि लेकींचे तुमच्या खाती पडतात. नवविवाहितांच्या योजनेत तर ही चूक सगळा हिशोब उलटवू शकते.

प्रश्नांची भाषा मराठीत घोळवून घ्या. "तुम्ही सध्या कुटुंब नियोजनाचं कोणतं साधन वापरता?" या प्रश्नाला दहा वर्षांपूर्वी ऑपरेशन झालेली बाई सरळ "काही नाही" म्हणते. ती खोटं बोलत नाही, ऑपरेशन ही 'वापरायची' गोष्टच नव्हे. म्हणून आधी एकेका साधनाचं नाव घेऊन विचारा: ऑपरेशन झालंय का, तुमचं की यांचं, तांबी आहे का, सुई घेता का. "पिशवी काढली का?" हा प्रश्न वेगळा ठेवा. ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांची चर्चा २०१९ मध्ये विधिमंडळापर्यंत गेली होती. अशी स्त्री गर्भनिरोधक वापरणारी नव्हे. तिला त्या रकान्यात टाकलं तर कार्यक्रमाला श्रेय मिळतं आणि तिच्यावर गुदरलेलं झाकलं जातं.

नको असलेल्या गरोदरपणाचा प्रश्न असा: "तेव्हा दिवस गेले तेव्हा तुम्हाला मूल हवंच होतं, थोडं थांबून हवं होतं, की नकोच होतं?" मूल समोर खेळत असेल तर "नको होतं" असं कुणी म्हणत नाही, हे लक्षात ठेवून आकडा वाचा. शक्य असेल तर पहिल्या फेरीतच "पुढचं मूल कधी हवं?" हे विचारून ठेवा आणि दुसऱ्या फेरीत त्याच स्त्रीला काय झालं ते पाहा.

मुलाखत एकटीत हवी. सासूबाई उठत नसतील तर दुसरी मुलाखतकार सासूबाईंशी वेगळ्या विषयावर बोलायला लावा. आशाताईंना मुलाखतीला बसवू नका, घर दाखवून त्यांनी जावं. ज्यांच्या कामाचं मोजमाप चाललंय त्यांच्या तोंडावर कोण खरं बोलेल? नैतिकता समितीची मंजुरी आणि प्रत्येक स्त्रीची संमती सुरुवातीलाच घ्या. एखादी गर्भनिरोधक लपून वापरत असेल, तर तुमचा एक सैल शब्द तिला महाग पडेल.

आठवी पायरी: घसरणीतले वाटेकरी वेगळे करा

तालुक्याचा जननदर उतरला असेल तर तो कोणत्या वाटेने उतरला हे पाहायला लोकसंख्याशास्त्रज्ञ जॉन बोंगार्ट्स यांचं १९७८ चं प्रतिमान हाताशी ठेवा. त्याची धारणा अशी: कुठलाच अटकाव नसेल तर एका बाईला सरासरी १५.३ मुलं होऊ शकतात. मग चार गोष्टी हा आकडा खाली आणतात: लग्नाचं वय आणि प्रमाण, गर्भनिरोधन, गर्भपात, आणि अंगावर पाजण्यामुळे लांबणारी पाळी. प्रत्येकाचा ० ते १ मधला निर्देशांक, आणि सगळ्यांचा गुणाकार. गर्भनिरोधनाचा निर्देशांक म्हणजे १ वजा (१.०८ × वापर × परिणामकारकता).

काल्पनिक तालुका घेऊ. आधी वापर ०.६२, परिणामकारकता ०.९४, म्हणून निर्देशांक ०.३७१. लग्नाचा ०.६८, स्तनपानाचा ०.७४, गर्भपाताची माहिती नाही म्हणून १. गुणाकार २.८६. नंतर वापर ०.६८ झाला, निर्देशांक ०.३१०. लग्नाचा ०.६४. गुणाकार २.२५. घसरण ०.६१. आता फक्त वापर बदलला असता तर घसरण ०.४७ झाली असती, फक्त लग्नाचं वय बदललं असतं तर ०.१७. (बेरीज ०.६१ येत नाही, कारण हा गुणाकाराचा खेळ आहे.)

इथे उडी मारायचा मोह होतो: "०.४७ आमच्या कार्यक्रमाचे!" नाही. ते गर्भनिरोधनाचे. त्यातलं किती तुमच्यामुळे वापरलं गेलं, हे पुन्हा पाचव्या पायरीनेच ठरतं. अर्थतज्ज्ञ लँट प्रिचेट यांनी १९९४ मध्ये मांडलं की देशादेशांतल्या जननदराच्या फरकाचा सुमारे ९० टक्के भाग लोकांना किती मुलं हवी आहेत यानेच उलगडतो. त्यावर वाद झाले, मतलबचा दाखला देऊन उत्तरंही दिली गेली. तरी तेवढ्यापुरता सावधपणा घ्यावाच: मागणी आधी बदलली असेल तर साधन कुठून तरी मिळतंच.

लग्नाच्या वाट्याकडे कुटुंब नियोजनवाले सहसा पाहत नाहीत, हीही चूक. पाचोडच्या इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंटने किशोरवयीन मुलींसाठी जीवनकौशल्यांचे वर्ग चालवले. १९९७ ते २००१ या काळात त्या भागातल्या मुलींच्या लग्नाच्या वयाचा मध्यक १६ वरून १७ वर गेला. रजिस्टरात याची एकही तांबी दिसणार नाही.

नववी पायरी: नुकसानही मोजा

नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळच्या शिबिरांनंतर तेरा स्त्रिया दगावल्या. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी नसबंदी शिबिरं तीन वर्षांत बंद करण्याचा निर्देश दिला. त्या शिबिरांचा जोडपे-संरक्षण वर्षांचा आकडा मात्र उत्तमच आला असता. म्हणून प्रश्नावलीत चार प्रश्न सक्तीने ठेवा: दुसरी कोणती साधनं सांगितली? त्रास होऊ शकतो हे सांगितलं? त्रास झाला तर काय करायचं हे सांगितलं? आणि नको म्हटलं तर एखादा लाभ बंद होईल अशी भीती वाटली का? चौथं उत्तर 'हो' असेल तर बाकीचे आकडे कितीही सुंदर असोत, अहवालाच्या पहिल्या पानावर हेच यायला हवं.

दहावी पायरी: लिहिणं आणि परत जाणं

विश्लेषण कसं करणार हे माहिती हाती येण्याआधी लिहून, तारीख घालून ठेवा. नंतर वीस उपगट पाडले की एकात तरी काही निघतंच. परिणाम एका आकड्यात सांगू नका, पट्ट्यात सांगा: "५ टक्के-गुण, पण खरा आकडा १ ते ९ मध्ये कुठेही असू शकतो." शून्य निघालं तर शून्य लिहा, आणि साखळीत कुठे तुटलं ते दुसऱ्या पायरीच्या चित्रावर दाखवा. साठ्याच्या नोंदी इथे कामी येतात.

अहवाल कार्यालयात देण्याआधी गावांची आणि आशाताईंची नावं काढून टाका, सांकेतिक क्रमांक घाला. मासिक बैठकीत एखाद्या ताईला तुमचा तक्ता दाखवून झापलं गेलं की बाकीच्या रजिस्टर कसं भरायचं ते लगेच शिकतात. मग निष्कर्ष घेऊन गावात परत जा, बायकांच्या बैठकीत आकडे वाचून दाखवा आणि "असं का झालं असेल?" विचारा. इंजेक्शनचा दुसरा डोस का चुकला, याचं एका गावातलं उत्तर मला कुठल्याच तक्त्यात सापडलं नव्हतं: उपकेंद्राचा दिवस बदलून गुरुवार केला होता, आणि गुरुवार बाजाराचा.